बॅकअप सॉफ्टवेअर काय करतं, आणि कुठे गप्प बसतं

महिन्यातून एकदा पेन ड्राइव्ह लावायचा, 'डॉक्युमेंट्स' फोल्डर त्यात ओढून टाकायचा आणि विचारलं की 'रिप्लेस' म्हणायचं, ही बहुतेक घरांतली आणि छोट्या ऑफिसांतली बॅकअपची पद्धत. तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली उघड आहे: एक महिना चुकतो, मग तीन चुकतात. दुसरी सहसा लक्षात येत नाही. 'रिप्लेस' म्हटलं की कालची धड असलेली फाइल पुसली जाते आणि आजची तिच्या जागी बसते. आजची फाइल बिघडलेली असेल, किंवा तिच्यातली चार पानं चुकून उडाली असतील, तर आपण स्वतःच्या हाताने बॅकअपही बिघडवला.

आपोआप चालणारं बॅकअप सॉफ्टवेअर या दोन्हींवर इलाज करतं. मात्र येताना ते तिसरी उणीव घेऊन येतं: ते बंद पडलं तर बरेचदा कुणाला कळतच नाही. या लेखातला बराच मजकूर त्या तिसऱ्या उणिवेबद्दल आहे, कारण पहिल्या दोन सॉफ्टवेअर बसवल्यावर निस्तरतात.

आधी ते काम कसं करतं ते पाहू. ठरल्या वेळी सॉफ्टवेअर जागं होतं, आपण नेमून दिलेल्या फोल्डरांतल्या फाइलींची यादी करतं आणि प्रत्येकीचा आकार व शेवटच्या बदलाची वेळ मागच्या यादीशी ताडून पाहतं. फरक दिसला तेवढ्याच फाइली उचलतं. त्यामुळे पहिल्या दिवशी २०० जीबी कॉपी करायला काही तास लागले, तरी दुसऱ्या दिवसापासून काम मिनिटांत उरकतं. याला इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणतात.

पण 'बदललेली फाइल उचलणं' दोन तऱ्हांनी होतं, आणि सॉफ्टवेअर निवडताना हा फरक फार महत्त्वाचा. काही सॉफ्टवेअर अख्खी फाइल पुन्हा उचलतात. विंडोजमधलं 'फाइल हिस्टरी' त्यातलं. वहीतलं एक पान बदललं म्हणून अख्खी वही झेरॉक्स करण्यासारखं हे. वर्ड-एक्सेलच्या फाइलींना काही फरक पडत नाही, त्या लहानच असतात. पण आउटलुकची पीएसटी फाइल (जिच्यात सगळी मेल एकत्र साठते) १० जीबीची असेल आणि तिच्यात दिवसभर मेल येत असतील, तर एका मेलपायी दर खेपेला १० जीबी लिहिले जातात आणि एक टीबीची डिस्क बघता बघता भरते. दुसऱ्या जातीची सॉफ्टवेअर (कोपिया, डुप्लिकाटी, रेस्टिक, बोर्ग) फाइलीचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याची गणिती ओळख काढतात आणि जो तुकडा आधीच साठ्यात आहे तो पुन्हा लिहीत नाहीत. तोच फोटो तीन फोल्डरांत असला तरी साठ्यात एकदाच जातो. याची किंमत अशी की तुमच्या फाइली साठ्यात अगम्य नावांच्या तुकड्यांत पडलेल्या असतात आणि त्या परत मिळवायला तेच सॉफ्टवेअर लागतं. फाइल हिस्टरीची डिस्क मात्र कुठल्याही विंडोज कॉम्प्युटरला लावा, फाइली उघड्या डोळ्यांनी दिसतात. ज्यांना हे सगळं नवं आहे त्यांनी फाइल हिस्टरीने सुरुवात करावी असं आमचं मत आहे. मोठ्या फाइली रोज बदलत असतील, तरच तुकडेवाल्यांकडे जावं.

जुन्या आवृत्त्या किती ठेवायच्या हा पुढचा प्रश्न. डुप्लिकाटीत 'स्मार्ट' नावाचा तयार पर्याय आहे: गेल्या ७ दिवसांची रोज एक, ४ आठवड्यांची आठवड्याला एक, १२ महिन्यांची महिन्याला एक. म्हणजे फार तर २३ आवृत्त्यांत वर्ष सामावतं. मॅकवरचं टाइम मशीन, जे २००७ पासून मॅकसोबतच येतं, ते २४ तासांपर्यंत तासातासाची, महिन्यापर्यंत रोजची आणि त्यामागे आठवड्याची प्रत ठेवतं. डिस्क भरली की सगळ्यात जुनी काढून टाकतं. एवढं मागे जायची गरज काय? कारण बिघाड झाला त्या दिवशी तो कळतोच असं नाही. एप्रिलमध्ये एक्सेलमधली ओळ चुकून पुसली गेली आणि हिशेब ऑक्टोबरमध्ये तपासला, तर सात दिवसांचा बॅकअप कोऱ्या पाटीइतकाच उपयोगी.

आता विंडोज ११ वरची प्रत्यक्ष मांडणी. तुमच्या स्वतःच्या फाइलींचा आकार मोजा आणि त्याच्या किमान दुप्पट क्षमतेची एक्सटर्नल डिस्क घ्या. २०० जीबी असतील तर ५०० जीबीवर भागेल, पण एक टीबीची घेतलेली बरी. पेन ड्राइव्ह या कामाला घेऊ नका. स्वस्त फ्लॅश मेमरी रोजच्या लिखाणाला टिकत नाही, आणि पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीच्या वरची एकही फाइल त्यात मावत नाही. डिस्क लावा, स्टार्टमध्ये 'फाइल हिस्टरी' शोधा. कंट्रोल पॅनेलमधली जुन्या धाटणीची खिडकी उघडेल. 'टर्न ऑन' करा. मग डावीकडे 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये जा. तिथे दर तासाला प्रत घ्यायची, हे आधीच ठरलेलं असतं. ते दहा मिनिटांपासून एक दिवसापर्यंत बदलता येतं. जुन्या आवृत्त्या ठेवण्याची मुदत मात्र 'फॉरएव्हर' असते. ती तशीच राहिली तर एक दिवस डिस्क भरते आणि नवीन प्रती जाणं थांबतं. एक वर्ष किंवा 'अंटिल स्पेस इज नीडेड' निवडा.

फाइल हिस्टरी काय उचलते? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज अशी ठरावीक ठिकाणं. आणि आपल्याकडे फाइली कुठे असतात? डी ड्राइव्हवर. कॉम्प्युटर बसवून देणारा माणूस 'सी उडाला तरी डी राहील' म्हणून डी ड्राइव्ह करून देतो, आणि पुढची दहा वर्षं सगळं तिथेच साठत जातं. (सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.) विंडोज ११ मध्ये फाइल हिस्टरीला नवं फोल्डर जोडायला सरळ बटण नाही, वळसा घ्यावा लागतो. डी ड्राइव्हवरच्या फोल्डरवर राइट क्लिक, 'शो मोअर ऑप्शन्स', 'इन्क्लूड इन लायब्ररी', आणि त्यात 'डॉक्युमेंट्स'. यानंतर ते फोल्डर यादीत दिसायला लागतं. दिसतंय ना, हे यादीत बघूनच खिडकी बंद करा.

टॅलीचंही असंच. टॅलीप्राइमचा डेटा, जागा बदलली नसेल तर, सी ड्राइव्हवर 'युजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरात बसतो. म्हणजे तुमच्या डॉक्युमेंट्सच्या बाहेर. तो वेगळा जोडावा लागतो. थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरची मेल 'अ‍ॅपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात असते. आणि मराठी डीटीपीचं काम असेल तर फाँट. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेल्या मजकुरात प्रत्यक्ष कीबोर्डवरची रोमन अक्षरंच साठलेली असतात; ती मराठी दिसतात फाँटमुळे. पंधरा वर्षांच्या निमंत्रणपत्रिका आणि स्मरणिका नव्या कॉम्प्युटरवर सुखरूप आल्या, पण तो फाँट आला नाही, तर पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा खिचडा उमटतो. फाँटच्या फाइली एका फोल्डरात काढून बॅकअपच्या यादीत घाला.

उलट काय वगळायचं तेही ठरवा. विंडोज फोल्डर, प्रोग्रॅम फाइल्स, ब्राउझरची कॅश, टेम्प हे सगळं पुन्हा मिळतं. डाउनलोड्समध्ये बराच कचरा असतो, पण बँकेचे स्टेटमेंट आणि फॉर्म-१६ देखील तिथेच पडून असतात. ते आधी योग्य जागी हलवा, मग फोल्डर वगळा.

उघड्या फाइलींचा एक स्वतंत्र तिढा आहे. आउटलुक किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर चालू असताना त्याची फाइल कुलूपबंद असते. साधी कॉपी एकतर नाकारली जाते, नाहीतर अर्धी जुनी-अर्धी नवी अशी फाइल हाती येते, जी पुढे उघडतच नाही. यासाठी विंडोजमध्ये 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' नावाची सोय आहे: ती त्या क्षणाचं डिस्कचं चित्र गोठवते आणि बॅकअप त्या गोठलेल्या चित्रावरून घेतला जातो. मात्र प्रत्येक सॉफ्टवेअर ती आपणहून वापरत नाही. डुप्लिकाटीत ती पर्यायांत जाऊन चालू करावी लागते, आणि त्यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागतात. ते जमत नसेल तर साधा उपाय: बॅकअपची वेळ अशी ठेवा की टॅली आणि आउटलुक बंद असतील.

वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स हे चालू आहे म्हणून बॅकअपची काळजी नाही, असं पुष्कळांना वाटतं. ही सिंकची साधनं आहेत. सिंकचं काम दोन जागा सारख्या ठेवणं; इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते, इकडे बिघडली की तिकडेही बिघडते. त्यांच्या कचरापेटीत पुसलेली फाइल साधारण ३० दिवस राहते, हा दिलासा आहे, पण तेवढाच. विंडोजमध्ये 'विंडोज बॅकअप' नावाचं जे अ‍ॅप येतं, तेही डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला सिंक करतं, आणि फुकट जागा ५ जीबीच असते.

सिंकच्या भरवशाचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या दारापर्यंत येऊन गेलं आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा त्यात कोलमडली, आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही अडकलं. कंपनीच्या जाळ्यात कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर जगभर होते. ते एकमेकांची प्रत ठेवत, त्यामुळे एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब होता. व्हायरसने ते एकाच वेळी पुसले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यातून बाहेर होता. त्यावरून सगळं पुन्हा उभारलं गेलं. दीडशे जोडलेल्या प्रती निकामी ठरल्या आणि एक तुटलेली प्रत कामी आली.

घरच्या कॉम्प्युटरला हेच लागू आहे. एक्सटर्नल डिस्क कायम लावून ठेवली, तर खंडणी मागणारा रॅन्समवेअर तुमच्या फाइलींबरोबर तीही कुलूपबंद करतो. विंडोजच्या शॅडो कॉपी पुसून टाकणं हे तर अशा व्हायरसांचं नेहमीचं पहिलं काम. म्हणून दोन डिस्क घ्या. एक लावलेली, दुसरी कपाटात, आणि दर शनिवारी अदलाबदल. फाइल हिस्टरी एका वेळी एकच डिस्क ओळखते, त्यामुळे अदलाबदलीनंतर 'सिलेक्ट ड्राइव्ह'मध्ये जाऊन डिस्क बदलावी लागते. हे कंटाळवाणं आहे. कोपिया किंवा डुप्लिकाटीत दोन डिस्कना दोन वेगळी कामं लावून दिली की सोपं पडतं. पीटर क्रो या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत बहिणीच्या घरी ठेवलेली डिस्क असू शकते किंवा क्लाउडमधला साठा. क्लाउडचा विचार करताना अपलोडचा वेग पाहा, डाउनलोडचा नव्हे. २० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. २०० जीबी चढायला सलग सुमारे २२ तास. तेच एक्सटर्नल डिस्कवर सेकंदाला १०० एमबी धरले तर अर्ध्या तासाचं काम, अर्थात फाइली मोठ्या असतील तर. लाखभर बारीक फाइली असतील तर हाच वेळ कित्येक पट वाढतो, कारण डिस्कचा वेळ लिहिण्यापेक्षा जागा शोधण्यात जातो.

आता गप्प बसण्याकडे येऊ. विंडोजच्या 'टास्क शेड्यूलर'मध्ये नवं काम लावलं की 'कंडिशन्स' पानावर एक खूण आधीच असते: कॉम्प्युटर विजेवर असेल तरच काम सुरू करा. तिच्याखाली दुसरी: बॅटरीवर गेला तर काम थांबवा. ज्या गावात लाइट जाते-येते तिथे लॅपटॉपवरचा बॅकअप या दोन खुणांपायी रोज अर्ध्यात थांबू शकतो. दोन्ही काढून टाका. 'सेटिंग्ज' पानावर तिसरी गोष्ट: ठरलेली वेळ हुकली तर जमेल तितक्या लवकर काम करा, ही खूण मात्र मुळात नसते. रात्री २ चा बॅकअप लावला आणि कॉम्प्युटर रात्री बंद असतो, तर तो बॅकअप कधीच होणार नाही. ही खूण करा, नाहीतर वेळच दुपारी जेवणाची ठेवा.

ड्राइव्हचं अक्षर बदलणं हे दुसरं कारण. बॅकअप 'ई' ड्राइव्हवर लावलेला, पण आज आधी पेन ड्राइव्ह लावल्याने 'ई' त्याला मिळालं आणि डिस्क 'एफ' झाली. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन बॅकअपच्या डिस्कला 'एक्स'सारखं वर्णमालेच्या टोकाचं अक्षर कायमचं देऊन टाका.

फाइलींची लांबलचक नावं हे तिसरं, आणि इथे मराठी नावांचा खास मुद्दा आहे. विंडोजवर पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलीच्या नावापर्यंत, २६० अक्षरांच्या पुढे गेला की बरीच सॉफ्टवेअर अडखळतात. फाइल हिस्टरी तर प्रत्येक प्रतीच्या नावापुढे तारीख-वेळ जोडते, त्यात आणखी २५-२६ अक्षरं जातात. घरी किंवा ऑफिसात लिनक्सवर चालणारा एनएएस साठा (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) असेल तर मर्यादा वेगळीच: नावाला २५५ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. 'स्वातंत्र्य' हा एवढासा शब्द ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटचा. त्यामुळे ८५ चिन्हांच्या पुढचं मराठी नाव तिथे बसत नाही. सिनॉलॉजी कंपनीच्या एनएएसवर फोल्डर एन्क्रिप्ट केलं (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं केलं) असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे देवनागरीची ४७ चिन्हं. 'ग्रामपंचायत वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त अंतिम सुधारित' हे नाव तिथे नाकारलं जाईल. बॅकअप 'झाला' असं दिसेल, आणि ही फाइल वगळल्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कामाच्या नोंदवहीत, कुठेतरी असेल.

लॉग कोण वाचतं, हाच तर प्रश्न आहे. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या साठ्यात पाहिलं तर तो रिकामा. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती ९.२ होती आणि डेटाबेसची ९.६, त्यामुळे काम रोज सुरू होताच फसत होतं. फसल्याच्या मेलही रोज जात होत्या. पण त्या समोरच्या मेल सर्व्हरकडून नाकारल्या जात होत्या, म्हणून कुणालाच मिळाल्या नाहीत. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाताशी होती म्हणून निभावलं. 'फसलं तर मेल पाठव' या सोयीवर एकट्यावर विसंबू नये. 'झालं तरी मेल पाठव' अशी सोय लावा, म्हणजे मेल आली नाही हीच खबर ठरते. ज्या सॉफ्टवेअरात मेलची सोय नाही, तिथे महिन्याच्या १ तारखेला डिस्क उघडून सगळ्यात ताज्या प्रतीची तारीख पाहा.

पासवर्डबद्दल थोडक्यात. घराबाहेर जाणारी प्रत एन्क्रिप्ट केलेलीच असावी. कोपिया, रेस्टिक, बोर्ग यांत पासवर्ड हरवला तर कंपनीला फोन करून काही होत नाही. साठा कायमचा बंद. पासवर्ड कागदावर लिहून मुदत ठेवीच्या पावत्यांबरोबर ठेवा. त्याच कागदावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्ट करण्याच्या सोयीची, ४८ अंकी किल्ली पण लिहा. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि मदरबोर्ड गेल्यावर ती डिस्क काढून दुसरीकडे लावली की पहिला प्रश्न त्या किल्लीचाच येतो. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती साठवलेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड आठवतो का हे आजच पाहा.

शेवटी फाइल परत काढून बघणं. तीन महिन्यांतून एकदा तीन फाइली निवडा: एक कालची, एक सहा महिन्यांपूर्वीची, एक सगळ्यात मोठी. मूळ जागी नव्हे, डेस्कटॉपवर नवं फोल्डर करून त्यात काढा, नाहीतर चालू फाइलीवर जुनी बसायची. प्रत्येक फाइल उघडा. नुसतं नाव दिसणं पुरेसं नाही, पीएसटी आउटलुकमध्ये आणि टॅलीचा डेटा टॅलीत उघडायला हवा. जमल्यास हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा, म्हणजे फाँट, पासवर्ड आणि सॉफ्टवेअर यांपैकी काय हाताशी नाही ते तिथेच उघडं पडेल. फाइल हिस्टरीच्या डिस्कवर नावापुढे दिसणारी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा, मग दुपारी ४ ला सेव्ह केलेली फाइल साडेदहाच्या नावाने का बसली आहे याचा उलगडा होईल.